न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड

न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड, संक्षेपाने एनईसी व बोलण्यात ‘नेक’, ही अँटेनांचे आणि त्यांच्या आसपासच्या धातूच्या रचनांचे विद्युतचुंबकीय वर्तन गणिताने काढणारी संगणकीय आज्ञावली आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत जेराल्ड बर्क व अँड्र्यू पोजिओ यांनी ती विकसित केली. तिची १९८१ मध्ये आलेली एनईसी-२ ही आवृत्ती सार्वजनिक स्वरूपात उपलब्ध झाल्याने जगभर पसरली व आजही वापरात आहे. जहाज, विमान, मनोरा यांसारख्या मोठ्या रचनेवर बसवलेला अँटेना प्रत्यक्षात कसा वागेल हे रचना उभी राहण्यापूर्वीच जाणून घेणे, हा या आज्ञावलीच्या निर्मितीमागील मुख्य हेतू होता.

पार्श्वभूमी

पाठ्यपुस्तकातील अँटेना बहुधा मोकळ्या अवकाशात किंवा सपाट भूमीवर एकटा उभा असतो. जहाजावरील अँटेनाला हे भाग्य लाभत नाही. त्याच्या शेजारी डोलकाठ्या, धुराडे, याऱ्या, कठडे, तोफा आणि इतर अँटेना दाटीवाटीने उभे असतात. अँटेनातून निघालेल्या लहरी या प्रत्येक संवाहक वस्तूत प्रवाह निर्माण करतात आणि हे प्रवाह स्वतः पुन्हा लहरी प्रसारित करतात. त्यामुळे प्रसारण केवळ अँटेनाचे नसते, ते संपूर्ण जहाजाचे असते.

जहाजांच्या दूरपल्ल्याच्या रेडिओ संदेशवहनासाठी २ ते ३० मेगाहर्ट्‌झ हा पट्टा पूर्वापार वापरला जातो. या पट्ट्यात तरंगलांबी १५० मीटरपासून १० मीटरपर्यंत बदलते, म्हणजे ती जहाजाच्या आणि त्यावरील अवयवांच्या आकाराच्याच तोलाची असते. सुमारे २५ मीटर उंचीची डोलकाठी ३ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबीची भरते व अनुस्पंदित होते. अशा वेळी तिच्या शेजारच्या अँटेनाची ऊर्जा ती स्वतःकडे ओढून घेते. काही दिशांना प्रसारण जवळजवळ नाहीसे होते, अँटेनाचा संरोध बदलतो आणि प्रक्षेपक त्याच्याशी जुळेनासा होतो. धक्क्यावर माल चढवताना यारीच्या लोखंडी आकड्याला हात लावणाऱ्या खलाशाला भाजण्याचे प्रकारही याच कारणाने घडतात. आकडा कोणत्याही तारेने विजेशी जोडलेला नसतो, तरी यारी व तिचा दोर मिळून शेजारच्या अँटेनाची ऊर्जा ग्रहण करतात.

संगणक येण्यापूर्वी याचा अभ्यास लघुप्रतिकृतींवर होत असे. अमेरिकन नौदल सॅन डिएगो येथे जहाजांच्या १/४८ प्रमाणाच्या पितळी प्रतिकृती बनवून त्यांवर मोजमापे घेई. १५० मीटर लांबीचे जहाज या प्रमाणात तीन मीटरांहून थोडे मोठे होते. आकार ४८ पट लहान केला की वारंवारता तेवढ्याच पटीने वाढवावी लागते. त्यामुळे १० मेगाहर्ट्‌झच्या प्रश्नासाठी प्रतिकृतीवर ४८० मेगाहर्ट्‌झचे मापन होई. ही पद्धत विश्वासार्ह होती, पण महाग व वेळखाऊ होती. एखादा अँटेना दोन मीटर सरकवून पाहायचा तर पितळ कापून पुन्हा जोडावे लागे. शिवाय धातूच्या पृष्ठभागावर प्रवाह कसा वाहतो आहे हे मापनातून सहजी दिसत नसे.

एका बाजूला अँटेनांची दाटी आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या परस्परसंबंधांचे अपुरे ज्ञान यांचे परिणाम गंभीर होऊ शकतात. ४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात एचएमएस शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले व २० जण मृत्युमुखी पडले. जहाजाच्या स्वतःच्या प्रसारणामुळे हल्लेखोर विमानाची चाहूल देणारे उपकरण त्या वेळी निष्प्रभ झाले होते. दुर्घटनेला इतरही चुका कारणीभूत होत्या आणि ते प्रसारण एनईसीच्या नेहमीच्या पट्ट्याहून बऱ्याच वरच्या वारंवारतेचे होते. तथापि एकाच जहाजावरील दोन यंत्रणा परस्परांना आंधळे करू शकतात, ही गोष्ट त्या प्रसंगाने अधोरेखित केली.

इतिहास

या आज्ञावलीचा गणिती पाया रॉजर हॅरिंग्टन यांच्या कामात आहे. विद्युतचुंबकीय क्षेत्रांच्या प्रश्नांसाठी ‘मेथड ऑफ मोमेंट्स’ या पद्धतीची सुसूत्र मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकांची शक्ती वाढत होती, त्यामुळे ही पद्धत लगेच व्यवहारात आली. १९७०च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील एमबीअसोशिएट्स या संस्थेत ‘अँटेना मॉडेलिंग प्रोग्राम’ ही आज्ञावली तयार झाली. लिव्हरमोर येथे तिच्यात सुधारणा होऊन एनईसी आकाराला आली. या कामाला अमेरिकन नौदल व हवाईदल यांचे अर्थसाहाय्य होते.

एनईसी-२ मध्ये दोन महत्त्वाच्या सोयी आल्या. पहिली म्हणजे खऱ्या, अपूर्ण संवाहक भूमीचा अचूक विचार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलेली समाकले त्यासाठी संख्यात्मक रीतीने सोडवण्यात आली. दुसरी सोय ‘न्यूमेरिकल ग्रीन्स फंक्शन’ या नावाने ओळखली जाते व तिचा उगम जहाजांच्या गरजेत आहे. जहाजाचा सांगाडा तोच राहतो, बदलतो तो अँटेना. म्हणून सांगाड्याचे गणित एकदाच करून धारिकेत साठवायचे आणि पुढे प्रत्येक नव्या अँटेनासाठी फक्त वाढीव भागाचे गणित करायचे. पितळी प्रतिकृतीला करवत लावण्याचे काम अशा रीतीने काही आकडे बदलण्यावर आले.

१९८०च्या दशकातील एनईसी-३ मध्ये जमिनीत पुरलेल्या तारांची सोय झाली. १९९२ च्या एनईसी-४ ने वेगवेगळ्या जाडीच्या तारांच्या सांध्यावरील त्रुटी बऱ्याच अंशी दूर केल्या. ही आवृत्ती मात्र परवान्याखालीच मिळत असे. त्यामुळे गुणांनी सरस असूनही ती एनईसी-२ इतकी रुजली नाही. त्यानंतरच्या एनईसी-५ मध्ये गणिताची मांडणीच बदलण्यात आली.

कार्यपद्धती

एनईसीमध्ये रचनेचे वर्णन सरळ तारांनी केले जाते. प्रत्येक तारेची दोन टोके, तिची त्रिज्या व तिचे किती खंड पाडायचे हे वापरकर्ता सांगतो. मूळ आज्ञावली फोरट्रान भाषेत असून तिच्या आदानावर छिद्रपत्रांच्या काळाचा ठसा आहे. प्रत्येक ओळीला आजही ‘कार्ड’ म्हणतात व तिच्या आरंभी दोन अक्षरांची खूण असते. ‘जीडब्ल्यू’ म्हणजे तार, ‘जीएन’ म्हणजे भूमी, ‘ईएक्स’ म्हणजे विद्युतदाब देण्याची जागा, ‘एफआर’ म्हणजे वारंवारता आणि ‘आरपी’ म्हणजे प्रसारणाचा आकृतिबंध. साध्या अर्धतरंग अँटेनाचे संपूर्ण वर्णन अशा जेमतेम आठ-दहा ओळींत मावते.

पुढचे गणित तत्त्वतः सोपे आहे. प्रत्येक खंडातील प्रवाह हा अज्ञात मानला जातो. एका खंडातील प्रवाह दुसऱ्या खंडाच्या जागी किती विद्युतक्षेत्र निर्माण करतो हे सूत्राने काढता येते. उत्तम संवाहकाच्या पृष्ठभागावर स्पर्शरेषेच्या दिशेने एकूण विद्युतक्षेत्र शून्य असले पाहिजे. ही अट प्रत्येक खंडाच्या मध्यबिंदूवर लावली की जितके अज्ञात तितकी समीकरणे मिळतात. ती आव्यूहाच्या रूपात मांडून सोडवली की सर्व खंडांतील प्रवाह हाती येतात. प्रवाह कळला की संरोध, दूरवरचे प्रसारण, जवळचे क्षेत्र, एका अँटेनातून दुसऱ्यात शिरणारी शक्ती हे सारे त्यातून निघते. खलाशाला भाजण्याचा धोका कोठे आहे, हे जवळच्या क्षेत्राच्या आकड्यांवरून पडताळता येते.

खंडाच्या लांबीविषयी काही नियम पाळावे लागतात. ती सर्वसाधारणपणे तरंगलांबीच्या एक-दशांशापेक्षा कमी असावी. जेथे प्रवाह झपाट्याने बदलतो तेथे एक-विसांशापेक्षाही कमी असावी. तार मात्र खंडाच्या मानाने बारीक हवी. खंडाची लांबी त्रिज्येच्या आठपटीपेक्षा अधिक असेल तर मूळ सूत्र चांगले चालते, त्याहून जाड तारेसाठी विस्तारित सूत्र निवडावे लागते.

जहाज व विमानाचे प्रतिमान

जहाज तारांचे बनलेले नसते, ते पत्र्याचे असते. तरीही पत्र्याच्या जागी तारांची जाळी कल्पिता येते, कारण जाळीची भोके तरंगलांबीच्या मानाने पुरेशी लहान असतील तर लहरीच्या दृष्टीने जाळी व पत्रा यांत फारसा भेद उरत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हेच तत्त्व प्रत्यक्ष वापरलेले दिसते. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे परावर्तक पृष्ठ बारीक पोलादी तारांच्या जाळीचे आहे. वारा जाळीतून निघून जातो, रेडिओ लहरी मात्र परत फिरतात. एनईसीच्या प्रतिमानात वाऱ्याऐवजी गणिताचा भार वाचतो.

जाळीतील तारेची जाडी किती घ्यावी यासाठी ‘समक्षेत्र नियम’ रूढ आहे. एका दिशेच्या तारांच्या पृष्ठभागांची बेरीज ही ज्या पत्र्याच्या जागी त्या आल्या आहेत त्याच्या क्षेत्रफळाइतकी असावी, असे तो सांगतो. याचा अर्थ तारेचा परीघ दोन तारांमधील अंतराएवढा घ्यायचा. १० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३० मीटर असते. जाळी ३ मीटरची धरली तर तारेची त्रिज्या जवळजवळ अर्धा मीटर येते. कागदावरचे हे जहाज म्हणजे जाडजूड नळांचा पिंजराच दिसतो. शिवाय खंडाची लांबी त्रिज्येच्या केवळ ६.३ पट भरते, म्हणजे वर सांगितलेल्या आठपटीच्या मर्यादेत ती बसत नाही. समक्षेत्र नियम व बारीक तारेचा नियम यांची ही ओढाताण तारजाळीच्या प्रत्येक प्रतिमानात असते. दोहोंमधली वाट काढण्याचे काम प्रतिमान करणाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले आहे.

एनईसी-२ मध्ये पृष्ठभागाचे तुकडे जोडण्याचीही सोय आहे. तथापि त्यामागील समीकरण बंद व जाडी असलेल्या पिंडांनाच लागू पडते. विमानाचा पातळ पंख किंवा जहाजाचा एकेरी पत्रा त्याने दाखवता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात बहुतेकांनी जाळीच पसंत केली.

विमानाच्या बाबतीत रचना व अँटेना यांतील सीमारेषा जवळजवळ पुसली जाते. ३० मीटर विस्ताराचे पंख ५ मेगाहर्ट्‌झला अर्धतरंग अँटेनाच असतात. काही विमानांत शेपटीच्या उभ्या पंखाच्या मुळाशी एक खाच ठेवून तिच्यातून सगळ्या विमानाच्या धडाला उद्दीपित केले जाते. वेगळा अँटेना असा तेथे दाखवताच येत नाही. अशा रचनांवर कॅनडातील मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात क्रिस्टोफर ट्रूमन व स्टॅनली कुबिना यांनी दीर्घकाळ काम केले. मध्यम लहरींच्या प्रक्षेपण केंद्राजवळील उच्चदाब वीजवाहिन्यांचे मनोरे आकृतिबंध कसा बिघडवतात, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तारजाळीच्या प्रतिमानात कोठे नियमभंग झाला आहे हे शोधणारी एक स्वतंत्र आज्ञावली त्यांनी तयार केली. हजारभर तारांच्या यादीतील एक चुकलेला सांधा डोळ्यांनी सापडत नाही, हे पाहता तिची उपयुक्तता सहज पटते.

आकार व संगणनाचा खर्च

मोठ्या रचनेबाबत ‘मोठी’ हा शब्द मीटरांत नव्हे तर तरंगलांबीत मोजावा लागतो. जहाजाचा पाण्यावरील पृष्ठभाग ५,००० चौरस मीटर आहे असे मानू. तरंगलांबीच्या एक-दशांश अंतराची जाळी घेतली तर एका चौरस तरंगलांबीला सुमारे २०० खंड लागतात. १० मेगाहर्ट्‌झला संपूर्ण जहाजासाठी सुमारे १,१०० खंड पुरतात. ३० मेगाहर्ट्‌झला ते १०,००० होतात आणि ३०० मेगाहर्ट्‌झला १० लाख.

आव्यूहातील घटकांची संख्या खंडसंख्येच्या वर्गाने व ते सोडवण्याचा वेळ घनाने वाढतो. प्रत्येक घटकाला १६ बाइट धरले तर पहिल्या आव्यूहाला सुमारे २० मेगाबाइट, दुसऱ्याला १.६ गिगाबाइट व तिसऱ्याला १६ टेराबाइट जागा लागते. वारंवारता दहापट केली की स्मृती दहा हजारपट व वेळ दहा लाखपट होतो. आजचा घरगुती संगणक पहिली दोन उदाहरणे सहज हाताळतो. तिसरे उदाहरण मात्र यंत्र कितीही वेगवान केले तरी याच पद्धतीने करत राहणे शहाणपणाचे ठरत नाही.

उच्च वारंवारतेच्या पद्धती

तरंगलांबी रचनेच्या मानाने फारच लहान झाली की लहर किरणासारखी वागते आणि प्रकाशशास्त्राची सूत्रे कामी येतात. नुसत्या परावर्तनाने भागत नाही, कारण कडांवरून वळून सावलीत शिरणारी ऊर्जाही मोजावी लागते. जोसेफ केलर यांनी १९६२ मध्ये विवर्तनाचा भौमितिक सिद्धांत मांडून ही उणीव भरून काढली. पण सावलीच्या सीमेवर त्यांची सूत्रे अनंत उत्तर देत. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट कूयुमजियान व प्रभाकर पाठक यांनी १९७४ मध्ये हा दोष दूर केला. त्यांची मांडणी ‘एकरूप विवर्तन सिद्धांत’ म्हणून प्रसिद्ध आहे. पाठक हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होत.

या सिद्धांतावर ओहायो स्टेट येथे ‘बेसिक स्कॅटरिंग कोड’ बेतण्यात आला. तो एनईसी-बीएससी या नावाने ओळखला जात असल्यामुळे मूळ एनईसीशी त्याची गल्लत होते. प्रत्यक्षात दोहोंचे गणित अगदी भिन्न आहे. बीएससीमध्ये जहाज किंवा विमान हे सपाट पट्ट, दंडगोल, शंकू यांसारख्या मोजक्या आकारांनी दाखवतात. वारंवारता वाढली म्हणून खर्च वाढत नाही. याउलट डोलकाठीवरील बारीकसारीक तपशील त्यात बसत नाहीत आणि लहान आकारांसाठी त्याचे उत्तर विश्वसनीय राहत नाही.

या दोन टोकांमधील दरी भरण्याचे काम पुढील दोन शोधांनी केले. सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन व ॲलन ग्लिसन यांनी १९८२ मध्ये त्रिकोणी तुकड्यांवर प्रवाह मांडण्याची रीत दिली. तिच्यामुळे पातळ किंवा वक्र पत्र्यासाठी तारजाळीची गरज उरली नाही. लेस्ली ग्रीनगार्ड व व्लादिमीर रोखलिन यांनी १९८७ मध्ये मांडलेली जलद बहुध्रुव पद्धत १९९०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात वेंग चो च्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतचुंबकीय लहरींसाठी बहुस्तरीय रूपात विकसित केली. दूरच्या खंडांचा परिणाम एकेकट्याने न मोजता गटागटाने मोजल्यामुळे खर्च खंडसंख्येच्या वर्गाऐवजी जवळजवळ खंडसंख्येच्याच प्रमाणात वाढतो. वर उल्लेखिलेला १० लाख अज्ञातांचा प्रश्न त्यामुळे आवाक्यात आला. फेको, सीएसटी, एचएफएसएस यांसारख्या व्यापारी आज्ञावल्यांत अशा अनेक पद्धती एकत्र नांदतात. यांपैकी फेकोचा आरंभ जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठात उलरिख याकोबस यांनी केला.

विश्वासार्हता

एनईसी चुकीच्या प्रतिमानालाही उत्तर देते, आणि ते उत्तर योग्य उत्तराइतकेच नेटके छापलेले असते. हीच तिच्या वापरातील खरी जोखीम मानली जाते. म्हणून काही चाचण्या प्रचलित आहेत. ऊर्जाक्षय नसलेल्या रचनेत मोकळ्या अवकाशात सर्व दिशांच्या लब्धीची सरासरी १ आली पाहिजे आणि परिपूर्ण संवाहक भूमीवर ती २ आली पाहिजे. तसे नसेल तर उद्दीपनाच्या जागी किंवा एखाद्या सांध्यात दोष आहे असे समजावे. संरोधातील रोध ऋण निघाला तर ते प्रतिमान टाकून देण्याजोगे असते. खंडांची संख्या वाढवून उत्तर स्थिर राहते का हे पाहणे ही दुसरी चाचणी. मोठ्या रचनेत ती वेळखाऊ असल्याने पुष्कळदा टाळली जाते, वास्तविक तिची सर्वाधिक गरज तेथेच असते.

या चाचण्यांत उत्तीर्ण झालेले प्रतिमानही भौतिकदृष्ट्या चुकीचे असू शकते. नकाशात नसलेला एखादा ताणदोर, गंजामुळे संपर्क तुटलेला कठडा किंवा फिरवून ठेवलेली यारी यांची माहिती आज्ञावलीला नसते. त्यामुळे संगणकाच्या प्रसारानंतरही लघुप्रतिकृतींवरील व प्रत्यक्ष जहाजावरील मापने बंद झाली नाहीत.

प्रसार

एनईसी-२ ची मूळ संहिता खुली असल्याने तिची अनेक भाषांतरे व वेष्टने तयार झाली. सी भाषेतील नेक२सी व तिच्यावर आधारित एक्सनेक२सी लिनक्सवर वापरतात. हौशी रेडिओचालकांमध्ये आरी व्होर्स यांची फोरनेक२ आणि रॉय ल्युअॅलन यांची ईझीनेक या आज्ञावल्या लोकप्रिय आहेत. ईझीनेक २०२२ पासून विनामूल्य मिळते. सॅन डिएगो येथील नौदल प्रयोगशाळेत १९८२ च्या सुमारास लहान संगणकांसाठी बेसिक भाषेत लिहिलेली मिनिनेक ही नावाने जवळची असली तरी तिची सूत्रे स्वतंत्र आहेत. युद्धनौकेसाठी जन्मलेल्या या गणिताचा आज बहुधा सर्वांत मोठा वापर घराच्या गच्चीवरील वा मोटारीच्या टपावरील अँटेना आखण्यासाठी होतो. मोटारीच्या बाबतीतही टप, दारे व काचांच्या चौकटी जाळीने दाखवाव्या लागतात. १४५ मेगाहर्ट्‌झच्या हौशी पट्ट्यात तरंगलांबी सुमारे दोन मीटर असल्याने चार मीटर लांबीची मोटार केवळ दोन तरंगलांबींची ठरते आणि काहीशे ते हजारभर खंडांत तिचे प्रतिमान पूर्ण होते.